फ्रीलान्स व्हिडिओ एडिटिंग सुरू करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एडिटिंग येतं, पण काम कुठून आणू?" या एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपं मला सतत विचारली जातात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रात राहून, घरून, एकट्याने सुरुवात करणाऱ्यासाठी आहेत. सिनेमाच्या संकलनाची वाट वेगळी आहे, तिथे आधी कुणाचातरी सहायक म्हणून राबावं लागतं, त्यामुळे तिच्याबद्दल इथे फारसं सापडणार नाही.

कोर्स करावाच लागतो का?

नाही. यूट्यूब चॅनेलवाला किंवा लग्नाचा स्टुडिओवाला सर्टिफिकेट बघत नाही, मागच्या कामाची लिंक मागतो. सिनेमाचं संकलन मनापासून शिकायचं असेल तर पुण्यात एफटीआयआय आहेच, प्रवेश परीक्षा देऊन प्रयत्न करा. गल्लोगल्लीच्या खासगी क्लासची फी भरण्याआधी मात्र एवढंच विचारा: तुम्हाला कच्चं फुटेज देऊन तुमच्याकडून कापून घेणार आहेत, की सर पडद्यावर करणार आणि तुम्ही वहीत शॉर्टकट उतरवणार? दुसऱ्या प्रकारचं शिक्षण यूट्यूबवर फुकट मिळतं.

लॅपटॉप कोणता घेऊ?

आहे त्यावर सुरुवात करा. नवा घ्यायचाच असेल तर रॅम किमान १६ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) या तीन गोष्टी बघा. आरजीबी दिव्यांवर पैसे घालू नका.

मशीन जुनं असेल तर प्रॉक्सी वापरायला शिका. मूळ फोर-के फाईलची हलकी प्रत बनवायची, तिच्यावर एडिट करायचं आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल जोडायची. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या दोन्ही सॉफ्टवेअरांत ही सोय आहे. "लॅपटॉप हँग होतो" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे बटण कधी दाबलेलंच नसतं.

तालुक्याच्या गावी असाल तर डेस्कटॉपबरोबर यूपीएस हवाच. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाईल बनणं, नव्वद टक्क्यांवर असताना लाईट गेली की महावितरणला शिव्या देऊन फाईल परत येत नाही.

प्रीमियर की रिझॉल्व्ह? आणि क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, वापरला तर?

खिशात पैसे नसताना दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. तिच्यातून अल्ट्रा एचडी, म्हणजे ३८४० बाय २१६०, एक्सपोर्ट होतं आणि व्हिडिओवर कंपनीचा शिक्का येत नाही. फक्त पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीतला एखादा इफेक्ट चुकून टाकलात तरच येतो. स्टुडिओ आवृत्तीचे पैसे एकदाच भरायचे असतात, प्रीमियरचं भाडं चालू राहतं.

तरीही प्रीमियर तोंडओळखीपुरतं शिकून ठेवा. आपल्याकडचे बरेच स्टुडिओ आणि एजन्सी त्यावर चालतात आणि अर्धवट झालेला प्रोजेक्ट त्याच फाईलमध्ये हातात देतात.

क्रॅकबद्दल: लोक वापरतात हे मला माहीत आहे. पण त्याच मशीनवर लोकांच्या लग्नाचा डेटा असतो, तुमचं नेटबँकिंग असतं, आणि क्रॅकबरोबर काय काय आत आलंय ते कळायला मार्ग नसतो. चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना ही जोखीम घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

फक्त मोबाईलवर एडिट करून धंदा होतो का?

रील्सपुरता होतो. सलून, कॅफे, साड्यांची दुकानं यांच्या तीस सेकंदांच्या रील्स व्हीएन किंवा इनशॉट या मोबाईल अ‍ॅपवर व्यवस्थित होतात आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज, वेगळा माईक किंवा अर्ध्या तासाचं व्याख्यान आलं की मोबाईल पुरत नाही.

अजून कामच नाही, मग शोरील (आपल्या कामाचे नमुने दाखवणारा व्हिडिओ) कशाची बनवू?

नेटवरून सुंदर स्टॉक फुटेज उतरवून, ढणढणीत संगीत लावून केलेली शोरील कुणाला काहीच सांगत नाही. ते फुटेज मुळातच सुंदर असतं. क्लायंटला बघायचं असतं की त्याच्यासारख्या माणसाचं वाईट फुटेज तुम्ही कसं सावरता.

म्हणून वाईट फुटेज मिळवा. गल्लीतल्या मंडळाच्या मिरवणुकीचं मोबाईलवरचं हलतं शूटिंग, शाळेच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग, मावशीचा पुरणपोळीचा व्हिडिओ. प्रत्येकाची तीस-चाळीस सेकंदं, आधी आणि नंतर अशी शेजारी शेजारी लावा. चेहऱ्याचा रंग सुधारलेला, पंख्याची घरघर काढलेली, "म्हणजे... ते... आपलं..." छाटलेलं. असे तीन नमुने दोन मिनिटांच्या शोरीलपेक्षा जास्त कामं आणतात.

पहिला क्लायंट कुठे शोधू?

हा खरा प्रश्न. बहुतेक जण उत्तर शोधायला फायव्हरसारख्या फ्रीलान्स कामांच्या साइटवर जातात, प्रोफाइल टाकतात आणि वाट बघत बसतात. माझं म्हणणं असं की क्लायंट शोधू नका, पडून राहिलेलं फुटेज शोधा. ज्याने शूट करून ठेवलंय आणि एडिटला वेळ किंवा माणूस नाही, त्याला तुमची गरज पटवून द्यावी लागत नाही. त्याची हार्डडिस्कच त्याला रोज टोचत असते.

असं फुटेज कुणाकडे असतं?

लग्नाच्या स्टुडिओंकडे तर असतंच, त्यांचं पुढे वेगळं लिहिलंय. स्पर्धा परीक्षांचे क्लास घ्या. सदाशिव पेठ, नवी पेठ भागात एमपीएससीच्या क्लासेसची दाटी आहे. तिथे तासन् तास व्याख्यानं रेकॉर्ड होतात आणि त्यांतून दोन-दोन मिनिटांचे तुकडे काढायला कुणाला सवड नसते. शेतीचे सल्लागार घ्या. नाशिक भागातला द्राक्षाचा सल्लागार एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला बागेत उभा राहून मोबाईलवर बोलतो. त्या व्हिडिओचा उपयोग त्याच आठवड्यात असतो, पण स्वतः एडिट करायला बसला तर तो डिसेंबरात चढतो. कीर्तनकारांच्या हरिनाम सप्ताहांची रेकॉर्डिंग आहेत, ढोल-ताशा पथकांच्या सरावाचं फुटेज आहे, डॉक्टरांनी हौसेने केलेली आणि फोनमध्येच राहिलेली "आरोग्यविषयक" रेकॉर्डिंग आहेत. नाट्यसंस्थांच्या प्रयोगांचं चित्रीकरणही असंच कपाटात असतं, पण तिथे पैशांची बोंब असते, तेव्हा बेताने.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचा विचार सहसा कुणी करत नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं दर दोन वर्षांनी होतात. गावोगावच्या मंडळांचे गणेशोत्सव, संक्रांतीचे कार्यक्रम होतात आणि कुणीतरी स्वयंसेवक ते शूट करतो. त्या स्वयंसेवकाला सोमवारी ऑफिस असतं. ओळखीत कुणाची बहीण, कुणाचा मित्र तिकडे असेल तर एक फोन करून बघायला काय हरकत आहे?

तुमच्या ओळखीतल्या अशा वीस जणांची नावं कागदावर लिहा. यादी संपल्यावर मग अ‍ॅपकडे वळा.

त्यांना मेसेज काय करू? उत्तरच देत नाहीत.

"हाय सर, आय अ‍ॅम अ प्रोफेशनल व्हिडिओ एडिटर" या मेसेजला मीही उत्तर देत नाही. समोरच्याचं काम बघितल्याची खूण मेसेजमध्ये हवी. असा काही:

"नमस्कार दादा, तुमचा खरड छाटणीचा व्हिडिओ पाहिला. काडी किती डोळ्यांवर कापायची ते तुम्ही सातव्या मिनिटाला सांगता, पण वाऱ्याच्या आवाजात ते नीट ऐकू येत नाही. तेवढा एक मिनिटाचा भाग आवाज साफ करून, मराठी अक्षरं टाकून सोबत पाठवतोय. आवडला तर ठेवून घ्या. पुढचे व्हिडिओ करायचे असतील तर बोलू. मी निफाडचाच आहे."

ओळखीशिवाय पहिल्या मेसेजमध्ये दर लिहू नका, शोरीलची लिंकही एकच द्या. दोन-तीन दिवसांनी एक आठवण करा. त्यानंतर गप्प बसा. वयाने मोठ्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्याऐवजी "सर, कधी फोन करू?" विचारून फोन करणं आपल्याकडे जास्त चालतं. आणि दुकान असेल तर सरळ जाऊन भेटा, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा.

लग्नाच्या स्टुडिओचं काम घ्यावं का? तिथे फार राबवतात म्हणे.

राबवतात. तरी पहिल्या वर्षी घ्यावं असं मला वाटतं. कारण काम सलग येतं, हात बसतो आणि पैसे थोडे का होईना पण फिरते राहतात. एका लग्नातून साधारण तीन गोष्टी मागतात: दोन-तीन तासांचा पूर्ण विधींचा व्हिडिओ, चार-पाच मिनिटांची हायलाइट आणि इन्स्टाग्रामला टाकायला टीझर. तिन्हींचा दर वेगळा ठरवा. "टीझर त्यातच काढून द्या" हे वाक्य ऐकू आलं की सावध व्हा, टीझरला बहुधा हायलाइटइतकाच जीव काढावा लागतो.

विधी माहीत नसतील तर हे काम जमणार नाही. सीमांतपूजन आधी की मंगलाष्टका, कानपिळीला कोण बसतं, सप्तपदी कुठून सुरू झाली, हे फुटेजवर लिहिलेलं नसतं, आणि कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर फाईलच्या वेळेवरही भरवसा ठेवता येत नाही. सगळ्यांत नाजूक जागा अंतरपाटाची. शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणी वाजंत्री सुरू होते. दोन-तीन कॅमेरे असतील तर त्या वाजंत्रीच्या आवाजावर सगळे ट्रॅक जुळवता येतात, सॉफ्टवेअर ते आवाजाच्या लाटेवरून आपोआप करतं. पण एका कॅमेऱ्यात नेमकं कुणाच्यातरी मामांचं डोकं आडवं आलेलं असतं. तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्यावर जा आणि नवरीच्या चेहऱ्यावरून किमान चार सेकंद हलू नका. बाकी व्हिडिओ कसाही असो, घरचे हा तुकडा पुन्हा पुन्हा बघणार.

आणि नातेवाईक. करेक्शनमध्ये "कलर जरा थंड वाटतोय" असं कुणी म्हणत नाही, "आमच्या आत्या कुठेच दिसल्या नाहीत" असं म्हणतात. म्हणून एडिटला बसण्याआधी स्टुडिओकडून महत्त्वाच्या दहा-बारा माणसांचे फोटो नावासकट मागून घ्या. ही यादी मागणारा एडिटर स्टुडिओवाले सोडत नाहीत.

हंगामाचं गणित: तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आषाढात आटोपतात आणि चातुर्मासात शुकशुकाट. म्हणजे पावसाळ्यात तुम्हाला दुसरं काही हवं. जूनमध्ये क्लासेसचे प्रवेश, मग गणपती, नवरात्र, दसरा-पाडव्याला शोरूम आणि बिल्डरांच्या जाहिराती. पितृपक्षात नवं काही कुणी सुरू करत नाही. तो पंधरवडा बॅकअप आवरायला चांगला.

"आधी एक फुकट सॅम्पल करून द्या" म्हणतात. द्यावं?

वरच्या मेसेजसारखं, तुम्ही स्वतःहून निवडलेलं एक मिनिट द्या. त्यांनी पाठवलेलं अख्खं फुटेज फुकट एडिट करून देऊ नका. पाच जणांकडून पाच "सॅम्पल" घेऊन पाच व्हिडिओ फुकटात चढवणारे महाभाग आहेत. आणि काम देण्याआधी तुमच्याकडूनच नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणारा क्लायंट नसतो, ठग असतो.

दर किती सांगू?

"मार्केट रेट काय?" असं विचारून जो दर मिळतो तो दुसऱ्याच्या घरभाड्यावर ठरलेला असतो. स्वतःचा आकडा काढा. उदाहरणादाखल धरू:

घरखर्चाला महिन्याला ३०,००० हवेत. ९०,००० चं मशीन तीन वर्षं चालणार, म्हणजे महिन्याला २,५००. वीज, इंटरनेट, हार्डडिस्क, सॉफ्टवेअर मिळून ३,५००. एकूण ३६,०००. महिन्यात २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास होतात खरे, पण त्यातले निम्मे फोन, डेटा कॉपी, अपलोड, करेक्शनची वाट आणि नवी कामं शोधण्यात जातात. हातात राहिले १०० तास. तासाला ३६० रुपये. मंदीचे महिने आणि आजारपण यांच्यासाठी वर पाव भाग धरा, झाले ४५०. दहा मिनिटांच्या ज्या व्हिडिओला तुम्हाला आठ तास लागतात त्याचे ३,६०० झाले.

हा तासाचा हिशेब आपल्या वहीत ठेवा. क्लायंटला तासाचा दर सांगितला की तो तुमचे तास मोजायला लागतो. त्याला व्हिडिओचा एक ठोक आकडा सांगा. आणि मिनिटावर दर ठरवताना तयार व्हिडिओ किती मिनिटांचा एवढंच बघू नका, कच्चं फुटेज किती ते आधी विचारा. दहा मिनिटांचा व्हिडिओ वीस मिनिटांच्या फुटेजमधून काढणं आणि सहा तासांच्या फुटेजमधून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सुरुवातीला दर कमी ठेवायचाच असेल तर बिलावर पूर्ण दर लिहून खाली "पहिल्या तीन कामांसाठी सवलत" असं वेगळं दाखवा. नाहीतर तो सवलतीचा दर कायमचा चिकटतो.

अ‍ॅडव्हान्स मागायला संकोच वाटतो. ओळखीचेच असतात.

ओळखीच्यांकडेच पैसे जास्त अडतात. निम्मे आधी, निम्मे फायनल फाईल देण्यापूर्वी, हा सरसकट नियम ठेवा म्हणजे माणसागणिक विचार करावा लागत नाही. "काका, माझी पद्धतच तशी आहे, डेटा कॉपी करतानाच अर्धे घेतो" एवढं बोलून यूपीआयचा क्यूआर पुढे करायचा. बघण्यासाठी पाठवायची प्रत कमी रिझोल्यूशनची आणि मधोमध नाव टाकलेली असू द्या. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करून वापरतात.

करेक्शन संपतच नाहीत.

कारण तुम्ही संख्या ठरवली नाही. दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, हे अ‍ॅडव्हान्सच्या वेळीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या आणि समोरून "ओके" येऊ द्या. दुसरं म्हणजे मतं एकत्र मागा. आज नवरा सांगतो, उद्या सासूबाई, परवा फोटोग्राफर, असं होऊ देऊ नका. सगळ्यांशी बोलून एका माणसाने एकच यादी पाठवायची, प्रत्येक बदलापुढे मिनिट आणि सेकंद लिहून.

"जरा पंच वाढवा", "काहीतरी मिसिंग आहे" अशा सूचनांवर काम सुरू करू नका. "तुम्हाला आवडलेला एखादा व्हिडिओ पाठवा, त्यातलं काय हवंय ते सांगा" असं विचारा. अर्ध्या वेळा त्यांना फक्त गाणं बदलून हवं असतं.

पैसे बुडवले तर काय करणार?

छोट्या रकमेसाठी खरं सांगायचं तर फार काही नाही, म्हणून वरचा निम्म्याचा नियम. पण कंपनी किंवा एजन्सीसाठी काम करत असाल तर आधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन लागतो, फी शून्य. मध्ये पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइट आहेत, त्यांना भुलू नका. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं आणि राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. नोंदणी काम करण्याआधीची हवी. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला की कंपन्यांच्या अकाउंट खात्याचा सूरही बदलतो.

मराठी सबटायटल टाकताना जोडाक्षरं तुटतात. काय चुकतंय?

प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स (हलत्या ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) यांत मजकुराचं इंजिन बदलावं लागू शकतं. प्रेफरन्सेसमध्ये "साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" हा पर्याय दिसला तर तो निवडा. जुन्या प्रोजेक्टमध्ये आधीच टाकलेल्या ओळी तुटक्याच राहिल्या तर पुन्हा टाइप करा.

फॉन्ट युनिकोड घ्या. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामाला चालतात. निवडण्याआधी चार शब्द टाइप करून बघा: "दुसऱ्या", "तऱ्हा", "मर्म", "शाळा". पहिल्या दोनांतला अर्धा र बऱ्याच फॉन्टांत बिघडतो. शेवटच्यात श हिंदी वळणाचा येतोय की मराठी, ते दिसेल. ल चंही तसंच. सामान्य प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण "हे मराठी वाटत नाही" हे त्याला बरोबर कळतं.

पत्रिकेचा मजकूर प्रेसवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून पाठवला तर तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि नावं डोळ्यांनी पुन्हा वाचा. नवरदेवाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला की बाकीची मेहनत पाण्यात.

आपोआप सबटायटल काढणारी साधनं मराठी बऱ्यापैकी ओळखू लागली आहेत, पण गावाकडची बोली आणि आडनावं आली की गडबडतात. अहिराणी किंवा मालवणी बोलणारा वक्ता असेल तर सगळं हाताने टाइप करण्याचे पैसे वेगळे धरा. मराठी अक्षरं स्वच्छ आणि वेळेवर टाकून देणारा एडिटर हवा असणारी चॅनेल्स भरपूर आहेत. माझ्या मते नवख्याला पाय रोवायला याहून सोपी जागा नाही.

मोबाईलच्या फुटेजमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे होतो आणि ट्यूबलाईट लुकलुकते.

दोन वेगळी दुखणी. फोन बदलत्या फ्रेमरेटने (सेकंदाला किती चित्रं, त्या वेगाने) रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज सुटतात. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून आधी स्थिर फ्रेमरेट करून घ्या. लुकलुक शूटिंगमधली आहे: आपली वीज ५० हर्ट्झची, आणि शटर १/६० ला असेल तर दिवे फडफडतात. क्लायंटला शटर १/५० किंवा १/१०० ठेवायला सांगा. हा सल्ला फुकट द्या, तुमचंच काम वाचतं.

फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हेही सांगायला विसरू नका. साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं की त्याचा चिखल होतो.

गाणी कुठली वापरू?

यूट्यूबसाठी यूट्यूबचीच ऑडिओ लायब्ररी आहे. सिनेमाचं गाणं लावलं तर कंटेंट आयडी या यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा दावा येतो आणि कमाई गाण्याच्या मालकाकडे वळते किंवा व्हिडिओ अडवला जातो. लग्नात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, म्हणून ते व्हिडिओला लावून यूट्यूबवर चढवायलाही आहे, असा गैरसमज स्टुडिओवाल्यांत घट्ट आहे. तसं नाही. आणि दुकानाच्या बिझनेस अकाउंटला इन्स्टाग्राम सगळी गाणी वापरू देत नाही, रील बनवायला घेण्याआधीच हे क्लायंटच्या कानावर घाला.

डेटा किती दिवस ठेवायचा?

आधीच लिहून द्या: फायनल दिल्यावर ६० दिवस, नंतर पुसणार. काम चालू असताना दोन वेगळ्या डिस्कवर प्रत हवीच, आणि दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका. लग्नाचं फुटेज पुन्हा शूट होत नाही.

अपवर्क, फायव्हर मुळीच नको का?

असू द्या, पण दुसऱ्या वर्षी. अपवर्कवर बोली लावायलाही पैसे लागतात आणि सुरुवातीला कुणी ओळखत नाही. एकच प्रकार निवडा, समजा पॉडकास्टचे तुकडे, आणि तेवढ्याचेच नमुने ठेवा. पेपाल ही पैसे देण्या-घेण्याची सेवा भारतात फक्त परदेशी पैशांसाठी चालते. प्रत्येक परदेशी जमेची बँकेकडून किंवा सेवेकडून पावती घेऊन ठेवा, सीए मागतो.

जीएसटी आणि टीडीएसचं काय?

महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. कंपनीने १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका, तुमच्या पॅनवर तो जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा. पुढे घराचं कर्ज काढतानाही बँक तेच मागते. बाकी सीएला विचारा, वर्षाकाठी त्याची फी वसूल होते.

नोकरी कधी सोडू?

सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि दर महिन्याला परत येणारे निदान तीन क्लायंट. एका मोठ्या क्लायंटच्या जिवावर सोडू नका. तो गेला की सगळंच गेलं.

एआयमुळे हे काम संपेल का?

शांतता कापणं, आवाज साफ करणं, सबटायटलचा पहिला खर्डा, हे त्याच्याकडे गेलंच आहे आणि गेलं ते बरं झालं. आत्या कोण हे त्याला अजून सांगावं लागतं.

क्लायंट प्रोजेक्ट फाईल मागतोय. द्यायची का?

ठरलं नसेल तर देणं बंधनकारक नाही. पैसे देऊन करून घेतलेल्या व्हिडिओचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणूनच शोरीलमध्ये वापरायचा असेल तर परवानगी तुम्हीच लेखी घ्यायची. पण टाइमलाइन, रंग सुधारण्याची (ग्रेडची) सेटिंग्ज, टायटलचे टेम्प्लेट हा तुमचा कारखाना आहे. मागितलीच तर वेगळा दर सांगा, कामाच्या निम्म्यापासून पूर्ण रकमेपर्यंत काहीही योग्य आहे. देताना विकत घेतलेले प्लगइन, फॉन्ट आणि संगीत काढून द्या, त्यांचं लायसन्स तुमच्या नावावर असतं. आणि फाईल कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीत उघडेल ते मेसेजमध्ये लिहा, नाहीतर महिनाभराने "फाईल ओपन होत नाही" म्हणून त्यांच्या नव्या एडिटरचा फोन तुम्हालाच येणार.